तोंडी ऑर्डर आणि कागदाचे एक पान

वऱ्हाडात होळी झाली की अकोल्या-अमरावतीच्या पत्रा कारागिरांचे दिवस सुरू होतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा मुलखात कूलर ही चैनीची वस्तू राहत नाही. पत्रा कापणारे, वेल्डिंग करणारे, रंग मारणारे, मोटारी दुरुस्त करणारे, ताट्या भरणारे अशा कितीतरी घरांची चूल या तीन महिन्यांच्या कमाईवर पुढे बरेच दिवस पेटते. या कारागिरांत आपल्या समाजाची संख्या मोठी आहे, हे वाचकांना सांगावयास नको.

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री अकोल्यात कूलर बनवितात. तीस वर्षांचा हात आहे. पत्र्यावर नजर टाकून गेज सांगतात. २०२४ च्या मार्च महिन्यात त्यांना अमरावतीच्या एका खाजगी वसतिगृहाकडून २४ कूलरची ऑर्डर आली. ऑर्डर फोनवर आली. "मागच्या साली दिला होता तसाच मोठा कूलर पाहिजे," एवढेच बोलणे झाले. भाव ठरला, थोडा ॲडव्हान्स आला आणि मिस्त्रींनी उधारीवर पत्रा आणून काम सुरू केले.

माल पोहोचला तेव्हा घोटाळा उघड झाला. मागच्या साली मिस्त्रींनी त्या गिऱ्हाईकाला दोन प्रकारचे कूलर दिले होते. एक जमिनीवर स्टँडवर ठेवावयाचा, दुसरा खिडकीला लावावयाचा. मिस्त्रींच्या डोक्यात पहिला होता, गिऱ्हाईकाच्या डोक्यात दुसरा. नवीन खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या आणि खिडक्या अरुंद होत्या. नऊ कूलर व्हरांड्यात कसेबसे बसले. पंधरा परत आले. सीझन अर्धा उलटून गेला होता. उधारीचा पत्रा, मजुरी, दोन वेळचे टेम्पोभाडे असे मिळून मोठी रक्कम अडकली आणि जुने गिऱ्हाईकही दुखावले.

आता प्रश्न असा की, यात लबाडी कोणी केली? कोणीच केली नाही. मिस्त्री खरे बोलत होते आणि गिऱ्हाईकही खरे बोलत होते. दोघांच्या मध्ये एक कागद नव्हता, इतकेच.

गरजपत्रक म्हणजे काय?

मोठ्या कंपन्यांमध्ये कोणतीही नवीन वस्तू बनविण्यापूर्वी एक कागद तयार होतो. त्याला 'प्रॉडक्ट रिक्वायरमेंट्स डॉक्युमेंट' किंवा थोडक्यात 'पी.आर.डी.' म्हणतात. नाव भारदस्त असले तरी मतलब सोपा आहे. वस्तू कोणासाठी आहे, ती कोठे वापरली जाणार, तिने काय काय केले पाहिजे आणि ती बरोबर झाली हे कसे ओळखावयाचे, एवढे त्यात लिहिलेले असते. आपण त्याला साध्या मराठीत 'गरजपत्रक' म्हणू.

गरजपत्रक म्हणजे बिल नव्हे आणि कोटेशनही नव्हे. कोटेशनमध्ये भाव असतो, बिलात रक्कम असते. 'नेमके काय पाहिजे' हे दोन्हींत धड नसते. आपल्याकडचे बहुतेक तंटे या मधल्या रिकाम्या जागेत उभे राहतात.

एक जुने उदाहरण पाहू. २३ डिसेंबर १९०७ रोजी अमेरिकेच्या लष्कराने विमानासाठी निविदा काढली. विमान ही गोष्टच तेव्हा नवी होती. ते कसे बनवावे हे लष्करातील कोणालाही माहीत नव्हते. म्हणून त्यांनी 'कसे' हे लिहिलेच नाही. 'काय' हे लिहिले. दोन माणसे बसावीत, त्यांचे मिळून वजन सुमारे ३५० पौंड धरावे. १२५ मैल जाण्यापुरते इंधन मावावे. वारा नसताना ताशी किमान ४० मैल वेग असावा. चाचणीत एक तास सलग उडावे. सुटे करून लष्कराच्या गाड्यांतून नेता यावे. आणि एखाद्या हुशार माणसाला वाजवी वेळात चालविण्यास शिकता येईल इतके ते सोपे असावे. वेग जास्त भरला तर बक्षीस आणि कमी भरला तर कपात, हेही आधीच लिहिले होते. राईट बंधूंनी २५ हजार डॉलरची निविदा भरली. १९०८ च्या चाचणीत अपघात झाला, मुदत वाढवावी लागली. पण १९०९ मध्ये विमान ताशी साडेबेचाळीस मैल वेगाने उडाले आणि त्यांना बक्षिसासह ३० हजार डॉलर मिळाले. जगात नवीन असलेल्या वस्तूचा व्यवहारही वादाशिवाय पुरा झाला, कारण मोजमाप आधी कागदावर होते.

आपल्या अकोल्यातही असे काम झालेले आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाने (आजचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) मिनी डाळ मिल तयार केली. अकोला हे डाळ मिलांचे गाव आहे. मोठ्या मिलची कमतरता येथे नव्हती. गरज वेगळी होती. तूर, मूग, उडीद पिकविणाऱ्या शेतकऱ्याला किंवा बचत गटाला गावातच डाळ करता यावी, यंत्र लहान असावे आणि चालविणाऱ्यास मोठे तांत्रिक शिक्षण लागू नये. मोठी मिल नुसती लहान करून हे साधत नाही. यंत्र कोणाच्या हातात जाणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. गरजपत्रकाचा पहिला रकाना हाच आहे.

ए.आय. सहायक या कामात कसा येतो?

मिस्त्रींचे नुकसान झाल्यावर आम्ही त्यांना म्हणालो की, पुढची ऑर्डर लिहून घ्या. ते म्हणाले, "लिहिता आले असते तर पत्रा कशाला कापला असता?" ही अडचण खरी आहे. आपल्या कारागिराजवळ ज्ञान आहे, पण ते हातात आणि डोळ्यांत आहे. त्याला कागदावर आणणारा मुनीम प्रत्येकाला परवडत नाही.

हे मुनीमाचे काम आता फोनवर होऊ शकते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हा ए.आय. सहायक लोकांसाठी खुला झाला. त्यानंतर क्लॉड, जेमिनी, मेटा ए.आय. असे इतरही आले. जून २०२४ मध्ये जेमिनीचे ॲप भारतात आले तेव्हा त्यात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा होत्या. टाईप करता येत नसेल तर बोलून सांगता येते. तो उत्तर लिहून देतो, प्रश्नही विचारतो, लांब मजकूर लहान करतो आणि मराठीचे उर्दू किंवा हिंदी करून देतो.

एका रात्री इशाच्या नमाजनंतर मिस्त्री, पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा त्यांचा भाचा आणि आम्ही असे तिघे वर्कशॉपमध्ये बसलो. भाच्याने प्रथम एवढेच लिहिले की, कूलरच्या ऑर्डरसाठी रिक्वायरमेंट डॉक्युमेंट तयार करून दे. क्षणात तीन पाने तयार झाली. भाच्याने वाचून दाखविले. मिस्त्रींनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "बेटा, हे कोणाच्या कूलरचे आहे?"

"मामू, हा नमुना आहे."

"नमुना नको. गिऱ्हाईक आले की आपण आधी विचारतो की नाही? त्याला म्हणावे, आधी विचार, मग लिही."

आमच्या मते या एका वाक्यात सगळी युक्ती आली. भाच्याने दुसऱ्या वेळी असे लिहिले: "आम्ही अकोल्यात पत्र्याचे कूलर बनवितो. एका वसतिगृहाने २४ सांगितले होते, त्यातील १५ परत आले, कारण खिडकी व जागा आधी विचारली नव्हती. पुढच्या ऑर्डरसाठी एक पानाचे गरजपत्रक पाहिजे. आधी मला एकेक प्रश्न विचार. मी सांगितलेले नाही ते मनाने भरू नको. तेथे 'ठरावयाचे आहे' असे लिही."

मग प्रश्न आले. खोली केवढी, माणसे किती, कोणता मजला? खिडकीची मोकळी रुंदी किती, गज आहेत काय? पाणी कोठून येते, कोण भरणार? दुपारी वीज टिकते काय, इन्व्हर्टरवर चालवावयाचा आहे काय? खोलीत अभ्यास चालतो की झोप? ताट्या कोण बदलणार? माल आल्यावर गिऱ्हाईक काय पाहून पास करणार? मिस्त्री एकेकाचे उत्तर देत गेले आणि मध्येच थांबले. अर्ध्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याजवळ नव्हतीच. ती गिऱ्हाईकाजवळ होती. "हे मी त्यांना विचारलेच नाही," असे ते स्वतःशीच म्हणाले.

जे यंत्राला माहीत नव्हते

पाण्याच्या प्रश्नावर मिस्त्री बोलू लागले आणि तेथे खऱ्या उस्तादीचे दर्शन झाले. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तेथे बोअरचे पाणी खारे आहे. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. ते ताट्यांवर जमतात, छिद्रे बुजतात, हवा कमी होते, पंप अडकतो आणि टाकीचा सांधा आधी सडतो. म्हणून मिस्त्री टाकीला आतून डांबरी रंग देतात आणि साचलेले पाणी मधूनमधून काढून टाकण्यास सांगतात. ए.आय. सहायकाने हे स्वतःहून सुचविले नव्हते. त्याला सांगितल्यावर मात्र त्याने लगेच विचारले की, पाणी काढण्यास तळाला तोटी आहे काय, किती दिवसांनी काढावयाचे हे गिऱ्हाईकाला लिहून द्यावयाचे काय, आणि ताट्या औजाराशिवाय निघतात काय? यंत्र प्रश्न चांगले विचारते, पण मुलखाचे ज्ञान त्याला आपणच द्यावे लागते.

आता त्याच्या चुका सांगितल्या पाहिजेत. पहिल्या तीन पानांत त्याने कूलर तासाला अमुक इतके घनमीटर हवा देईल, असा आकडा ठोकून दिला होता. मिस्त्रींनी आपल्या कूलरची हवा जन्मात मोजलेली नाही. हा आकडा सहीच्या वर गेला असता तर उद्या गिऱ्हाईकाने तोच पुढे केला असता. दुसरे, त्याने 'हे कूलर आय.एस. ३३१५ प्रमाणे आहेत' असे लिहिले होते. भाच्याने शोधले तेव्हा हा नंबर खरा निघाला. भारतीय मानक ब्यूरोचे डेझर्ट कूलरचे मानक तेच आहे. पण नंबर खरा असला म्हणून आपला कूलर त्याप्रमाणे तपासला गेला, असे होत नाही. न तपासलेल्या मालावर असे लिहिणे म्हणजे खोटी ग्वाही देणे होय. ते वाक्य काढून टाकले. आपल्या मालाला मानकाचे चिन्ह किंवा परवाना लागतो काय, हे ब्यूरोकडून विचारून घ्यावे. फोनमधील उत्तरावर विसंबू नये.

गेज, सूत आणि मिलिमीटर

मोजमापाविषयी थोडे वेगळे सांगणे जरूर आहे. आपला सुतार सुतात बोलतो, फॅब्रिकेटर इंचात बोलतो आणि इंजिनिअर मिलिमीटरमध्ये लिहितो. पत्र्याचे तर आणखी अवघड. '२४ गेज' म्हटले की आपल्याला वाटते जाडी ठरली. परंतु इंग्रजी वायर गेजच्या तक्त्यात २४ म्हणजे सुमारे ०.५६ मिलिमीटर आणि अमेरिकन जी.आय. पत्र्याच्या तक्त्यात सुमारे ०.७० मिलिमीटर. दोघेही २४ गेज म्हणतील, दोघेही खरे असतील आणि पत्र्याच्या वजनात व किमतीत फरक पडेल. म्हणून गरजपत्रकात गेज लिहिले तरी शेजारी मिलिमीटर लिहावे आणि मापक लावून मोजावे.

ही चूक फक्त गरीब कारागीर करतो असे नाही. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे मंगळाकडे निघालेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. एका बाजूचे आकडे पौंडांच्या मापात होते आणि दुसरी बाजू ते मेट्रिक समजत होती. एकेका आकड्यापुढे माप लिहून दोघांनी ताडून पाहिले असते तर यान वाचले असते.

पान कसे झाले?

२०२५ च्या मार्चमध्ये मिस्त्रींना अमरावतीच्या एका अभ्यासिकेची १६ कूलरची ऑर्डर मिळाली. या वेळी भाचा टेप घेऊन आधी जागा पाहून आला. त्यानंतर जे पान तयार झाले त्यातील मुख्य गोष्टी वाचकांच्या उपयोगासाठी देत आहोत.

१. कोणासाठी: अभ्यासिकेच्या आठ खोल्या, प्रत्येकीत ३० मुले, खोलीमागे दोन कूलर.

२. जागा: तळमजला, खिडकीबाहेर. खिडकीची मोकळी रुंदी ७६० मि.मी.; कूलरचे हवेचे तोंड ७४० मि.मी. पेक्षा मोठे नसावे.

३. पत्रा: जी.आय., जाडी ०.७० मि.मी.; टाकीला आतून डांबरी रंगाचे दोन हात.

४. पाणी: बोअरचे, खारे. टाकीच्या तळाला पाणी सोडण्याची तोटी. ताट्या औजाराशिवाय काढता-घालता याव्यात.

५. वीज: तीन पिनांची वायर, बॉडीला अर्थिंग. खोलीच्या प्लगचे अर्थिंग तपासून घेण्याची जबाबदारी अभ्यासिकेची.

६. आवाज: मधल्या गतीवर खोलीच्या दुसऱ्या टोकाचे साधे बोलणे ऐकू यावे.

७. तपासणी: टाकी भरून बारा तास ठेवावी, गळती नसावी. दोन तास सलग चालवावा, खोलीत पाण्याचे थेंब उडू नयेत. वायरमनकडून अर्थिंग तपासावे.

८. यात नाही: स्टँड, चाके, नळजोड.

९. पद्धत: आधी एक कूलर बसवून दाखवावयाचा. तो पास झाल्यावर उरलेले पंधरा.

१०. बदल: नमुना पास झाल्यानंतर काही बदलावयाचे असल्यास त्याचे पैसे व दिवस दोघांनी लिहून ठरवावेत.

याखाली किंमत, ॲडव्हान्स, माल देण्याची तारीख, उरलेली रक्कम देण्याची तारीख आणि दोघांच्या सह्या. पाचव्या कलमाविषयी विशेष सांगावेसे वाटते. ओल्या पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. अर्थिंग ही सवलत नाही. ती पहिली गरज आहे.

नववे कलम मिस्त्रींनी स्वतः घातले. चोवीस करून पंधरा परत घेण्यापेक्षा एक करून दाखविणे स्वस्त पडते, हे ते किंमत मोजून शिकले होते.

कायदा आणि शरीअत काय सांगतात?

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २९ प्रमाणे ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्द समजला जातो. कायद्यातच उदाहरण दिले आहे: एकाने दुसऱ्याला 'शंभर टन तेल' विकण्याचे कबूल केले, पण कोणते तेल हे कशावरूनही कळत नाही. असा करार टिकत नाही. 'मागच्या साली दिला तसा मोठा कूलर' हा या उदाहरणाचा सख्खा भाऊच म्हणावा लागेल.

दुसरा कायदा आपल्या कारागिरांच्या फायद्याचा आहे, पण फार थोड्यांना माहीत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या तारखेपर्यंत दिले पाहिजेत आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज देण्याची तरतूद आहे. मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने ती १५ दिवसांत लेखी कळवावयाची असते. नाही तर माल मिळाला त्या दिवशीच तो स्वीकारला, असे धरले जाते. याचा लाभ हवा असेल तर उद्यम नोंदणी आधीच करून ठेवावी. ती मोफत आहे. जिल्हा उद्योग केंद्रात याची माहिती मिळते. मात्र केवळ घाऊक किंवा किरकोळ विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळत असली तरी ती बँकेच्या कर्जाच्या प्राधान्यापुरती आहे, हे लक्षात ठेवावे. व्याज घेणे ज्यांना मान्य नाही त्यांनाही या कायद्यातील मुदतीचा आणि लेखी तक्रारीच्या नियमाचा आधार घेता येतो.

शरीअतमध्ये तर ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या व्यवहाराला स्वतंत्र नाव आहे: इस्तिस्ना. त्यात वस्तूचा प्रकार, गुण आणि संख्या अशी स्पष्ट पाहिजे की पुढे तंटा होऊ नये, आणि किंमतही आधी ठरलेली पाहिजे, असे फुकहांनी सांगितले आहे. पूर्ण पैसे आगाऊ देऊन पुढे माल घेण्याच्या 'सलम' व्यवहारात माप, वजन आणि मुदत माहीत असलीच पाहिजे, ही हदीसमधील शिकवण आहे. सूरह अल-बकराची २८२ वी आयत ही कुरआनमधील सर्वांत मोठी आयत. ती मुदतीच्या देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण सर्व जाणतो. तिच्यात लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, अशी व्यवस्था दिली आहे. ए.आय. सहायकाचा दर्जा यावरून ठरविता येतो. तो फार तर लिहिणारा आहे. सांगणारे आपण आहोत आणि साक्षीदार तो होऊ शकत नाही. कागदावर काही चुकीचे गेले तर 'फोनने लिहिले' ही सबब ना गिऱ्हाईकापुढे चालेल, ना अल्लाहपुढे.

काही व्यवहारी सूचना

पहिली सूचना अशी की, आपली हकीकत आधी सांगावी आणि कागद नंतर मागावा. मागचे नुकसान कसे झाले हे सांगितले तर प्रश्न नेमके येतात.

दुसरी, ज्या आकड्याचा उगम आपल्याला सांगता येत नाही तो आकडा कागदावर ठेवू नये. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून 'हा कोठून आला?' असे स्वतःला विचारावे.

तिसरी, 'उत्तम दर्जा', 'मजबूत', 'फर्स्ट क्लास फिनिशिंग' असे शब्द सहायक फार लिहितो. त्यांना मोजता येत नाही. त्यांच्या जागी तपासणी लिहावी. मजबूत म्हणजे किती वजन किती तास? सफाईदार म्हणजे कडेवर हात फिरविला तर चिरणार नाही, असे लिहावे.

चौथी, गिऱ्हाईकाचे नाव, फोन नंबर, आधार, बँकेचा तपशील आणि आपले खास डिझाईन सहायकाला देऊ नये. गरजपत्रकाला त्याची गरज नसते. नाव शेवटी हाताने लिहावे.

पाचवी, तयार झालेले पान गिऱ्हाईकापुढे मोठ्याने वाचावे. त्याला मराठी वाचता येत नसेल तर हिंदी किंवा उर्दू प्रत करून घ्यावी, पण दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाकडून ती तपासून घ्यावी. भाषांतरात 'नाही' हा एक शब्द गळला तरी अर्थ उलटा होतो.

सहावी, एका पानात मावेल एवढेच लिहावे. सहायकाला सांगितले तर तो दहा पानेही देईल. दहा पाने कोणी वाचत नाही आणि न वाचता सही होते. न वाचता केलेली सही तोंडी ऑर्डरपेक्षाही वाईट.

ही रीत कूलरपुरतीच नाही. शाळेचे गणवेश शिवणारे, लग्नाचे फर्निचर करणारे, बेकरीला मोठी ऑर्डर घेणारे, छापखानेवाले, डाळ मिलचे सुटे भाग बनविणारे या सर्वांना ती लागू आहे. गणवेश असेल तर कापड धुतल्यावर किती आटते हे लिहावे. बेकरी असेल तर माल किती वाजता गरम पाहिजे हे लिहावे. प्रत्येक धंद्याचा खारपाणपट्टा वेगळा असतो आणि तो त्या धंद्यातील उस्तादालाच माहीत असतो.

पुढे काय झाले?

अभ्यासिकेचे १६ कूलर एप्रिल २०२५ मध्ये लागले. वाद एकदा झालाच. नमुना पास झाल्यावर गिऱ्हाईकाने सर्व कूलरना चाके मागितली. पूर्वी अशा वेळी मिस्त्री मुकाट्याने पदरमोड करीत किंवा आवाज चढवीत. या वेळी त्यांनी पान पुढे ठेवले आणि आठव्या व दहाव्या कलमावर बोट ठेवले. गिऱ्हाईकाने वाचले, चाकांचे वेगळे पैसे ठरले, चहा झाला आणि दोघे आपापल्या कामाला लागले.

मागच्या वर्षीचे पंधरा कूलर मिस्त्रींनी दुरुस्त करून एकेक करीत विकले. त्यात मेहनतीचे मोल निघाले नाही. जुने गिऱ्हाईक अजून परतलेले नाही. हे नुकसान कोणताही कागद आता भरून देणार नाही. परंतु वर्कशॉपच्या भिंतीवर आता ताकीद म्हणून प्रश्नांची यादी चिकटविलेली आहे: मजला, खिडकी, पाणी, वीज, कोण वापरणार, कसे तपासणार. फोन असो वा नसो, ते प्रश्न विचारल्याशिवाय मिस्त्री पत्र्याला कात्री लावीत नाहीत.

आपले कारागीर बांधव हुनरात कोणाला हार जाणारे नाहीत. कमी पडते ते लिहिण्यात. ज्यांच्या घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी या आठवड्यात एक संध्याकाळ काढून आपल्या एका मालाचे गरजपत्रक करून पाहावे, अशी आमची विनंती आहे. मुलांना बापाच्या धंद्याची खोली कळेल आणि बापाच्या मेहनतीला कागदाचा आधार मिळेल.